घुमेपणाचा आळ

प्रोग्रॅमरला माणसांचं वावडं असतं, या समजुतीला आकडेवारीचं बळ मिळालं ते १९६६ साली. अमेरिकेच्या हवाई संरक्षण यंत्रणेसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनला प्रोग्रॅमरांची मोठी भरती करायची होती. विल्यम कॅनन आणि डॅलिस पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रॅमरांच्या आवडीनिवडी तपासल्या. त्यांत १८६ स्त्रिया होत्या. निष्कर्ष दोन निघाले. या लोकांना कोडी सोडवायला आवडतात, हा पहिला. दुसरा असा की त्यांना माणसांत फारसा रस नसतो. ज्या कामात माणसांशी जवळून संबंध येतो ते काम त्यांना नको असतं. पहिल्या निष्कर्षाचं कुणाला नवल वाटलं नाही. दुसरा मात्र भरतीच्या कचेऱ्यांतून आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून पसरला, पुढे सिनेमात शिरला, आणि साठ वर्षं होत आली तरी टिकून आहे.

तो इतका टिकला, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. माणसांत मिसळण्याची आवड असणं ही एक गोष्ट. स्वभाव बोलका किंवा अबोल असणं ही दुसरी. आपलं म्हणणं समोरच्याला कळेल असं मांडणं आणि त्याचं नीट ऐकून घेणं ही तिसरी. कॅनन आणि पेरी यांनी मोजली ती फक्त पहिली. लग्नकार्यात चारचौघांत रमणारा माणूस कामाचा निरोप धड पोचवू शकत नाही आणि कोपऱ्यात बसलेला माणूस दोन वाक्यांत गुंता उलगडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी प्रोग्रॅमरचा विषय निघाला की आवड, स्वभाव आणि कौशल्य यांची एकच मोट बांधली जाते. आपल्याकडे त्यात चौथी गोष्ट मिसळते ती इंग्रजीची. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण या प्रकरणातला सर्वांत मोठा अन्याय माझ्या मते तिथेच होतो.

आधी १९६६ च्या त्या पाहणीचं काय झालं ते पाहू. नेथन एन्समेंगर या इतिहासकाराने ‘द कॉम्प्युटर बॉइज टेक ओव्हर’ या २०१० सालच्या पुस्तकात या भरतीचा इतिहास बारकाईने मांडला आहे. संगणक झपाट्याने विकले जात होते आणि ते चालवायला माणसं मिळत नव्हती. चांगला प्रोग्रॅमर कसा ओळखायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कंपन्यांनी चाचण्यांचा आधार घेतला. आयबीएमची १९५५ ची अभिक्षमता चाचणी सर्वांत गाजली. तिच्यात आकड्यांच्या मालिका, आकृत्या आणि तर्काची कोडी असत. या चाचणीतले गुण आणि प्रत्यक्ष कामातलं यश यांचा मेळ बसतो, असं काही खात्रीने दाखवता आलं नाही, तरी ती सर्रास वापरली गेली. तिच्या जोडीला आवडीनिवडींची प्रश्नावली आली. म्हणजे कोड्यांत रमणारी आणि माणसांपासून दूर राहणारी मुलं मुद्दाम निवडली गेली, आणि काही वर्षांनी त्यांच्याकडेच बोट दाखवून प्रोग्रॅमर असेच असतात असं म्हटलं गेलं. चाळणीची भोकं जशी, तसेच दाणे खाली पडणार. त्यावरून शेतात काय पिकलं होतं ते सांगता येत नाही.

शेतात खरोखर काय पिकलं होतं याचा पुरावा त्याआधीच्या वीस वर्षांत आहे. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिअ‍ॅक उभा राहिला. या संगणकाला गणितं शिकवण्याचं काम सहा स्त्रियांनी केलं: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेट्टी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सेस बिलास आणि रूथ लिख्टरमन. यंत्र कसं चालवायचं याची पुस्तिका नव्हती. त्यांच्या हाती आले ते जोडणीचे नकाशे. ते वाचायचे, अडलं तर यंत्र बांधणाऱ्या अभियंत्यांना गाठून विचारायचं, आपसांत ताडून पाहायचं, असं त्या शिकल्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये पाहुण्यांपुढे तोफगोळ्याच्या मार्गाचं जे गणित एनिअ‍ॅकने करून दाखवलं, ते जेनिंग्ज आणि स्नायडर या जोडीने बसवलेलं होतं. पुढे १९६७ सालीसुद्धा ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाने संगणकाचं काम मुलींना साजेसं असल्याचा लेख छापला. म्हणजे वर्षभराच्या अंतराने एकीकडे प्रोग्रॅमिंग हे बायकांना छान जमणारं काम ठरत होतं आणि दुसरीकडे प्रोग्रॅमर हा माणूसघाणा ठरत होता. काम तेच होतं. बदलत होती ती त्याची पत आणि त्याचा पगार, आणि ते काम कुणी करावं याविषयीची अपेक्षा.

त्यानंतरचं चित्र सिनेमाने रंगवलं. १९८३ चा ‘वॉरगेम्स’, १९८४ चा ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्‌स’, १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधला घामेजलेला, सगळ्यांवर डाफरणारा डेनिस नेड्री. यावर वेगळं लिहायला नको. वाचकांनी हे पाहिलेलं आहे.

पुरावा सगळाच एका बाजूचा आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॅनियल कूगर आणि रॉबर्ट झवाकी यांनी संगणक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची इतर व्यावसायिकांशी तुलना केली. या लोकांना नवं शिकण्याची, वाढण्याची भूक सर्वांत जास्त, आणि लोकांमध्ये असण्याची गरज सर्वांत कमी, असं त्यांना आढळलं. ही पाहणी चोख होती आणि तिचा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. पण तिनेही मोजली ती गरज. गरज कमी असणाऱ्याला बोलता येत नाही, असं त्यातून निघत नाही. त्यातून निघतो तो व्यवस्थापनाचा प्रश्न, आणि तो त्या दोघांनीही उपस्थित केला होता: अशा माणसाला बढती देऊन टीम लीड केलं, तर आपल्याला न लागणाऱ्या बैठका आणि शाबासकी आपल्या हाताखालच्यांना लागतात, हे त्याच्या लक्षात येणार का?

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्यांची कथा आणखी निसरडी आहे. प्रोग्रॅमर अंतर्मुख की बहिर्मुख, यावर पुष्कळ शाई खर्च झाली. २०१५ मध्ये क्रूझ, दा सिल्वा आणि काप्रेट्झ या संशोधकांनी १९७० ते २०१० या चाळीस वर्षांतले असे ९० अभ्यास एकत्र करून पाहिले. हाती लागले ते एकमेकांना छेद देणारे निष्कर्ष. बऱ्याच अभ्यासांनी मायर्स-ब्रिग्ज ही चाचणी वापरली होती. माणसांना सोळा खणांत बसवणाऱ्या त्या चाचणीवर मानसशास्त्रज्ञांनीच गंभीर आक्षेप घेतलेले आहेत. शिवाय कित्येक अभ्यासांत तपासलेले ‘प्रोग्रॅमर’ म्हणजे प्रत्यक्षात महाविद्यालयातले विद्यार्थी. अंतर्मुखांचं पारडं काही ठिकाणी थोडं जड दिसतं, इतकंच सांगता येतं. अर्ध्याच्या थोड्या अलीकडे किंवा पलीकडे झुकणाऱ्या काट्यावरून एका अख्ख्या व्यवसायाचा स्वभाव ठरवणं हे शास्त्र नव्हे.

आता ऑटिझम. २००१ च्या डिसेंबरात ‘वायर्ड’ मासिकात स्टीव्ह सिल्बरमन यांचा सिलिकॉन व्हॅलीतल्या मुलांवरचा लेख आला आणि तेव्हापासून ‘प्रोग्रॅमर म्हणजे थोडा ऑटिस्टिकच’ हे वाक्य चहापानाच्या गप्पांत शिरलं. त्याच वर्षी केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने ऑटिझमचे गुणविशेष मोजणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात विज्ञान-गणिताच्या विद्यार्थ्यांचे गुण साहित्य आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांपेक्षा सरासरीने जास्त आले. फरक खरा आहे, पण तो थोडा आहे, आणि ती प्रश्नावली म्हणजे निदान नाही. त्याच गटाचा नेदरलँड्‌समधला २०१२ चा अभ्यास जास्त उद्धृत होतो. आइंडहोव्हन या तंत्रज्ञानाच्या शहरात शाळांनी कळवलेलं ऑटिझमचं प्रमाण दर १०,००० मुलांमागे २२९ होतं, तर हार्लेममध्ये ८४ आणि उट्रेख्टमध्ये ५७. आकडे लक्ष वेधून घेतात. पण ते शाळांनी कळवलेले आहेत, ते मुलांचे आहेत, आणि आईबापांपैकी कोण काय काम करतं याची घरोघरी नोंद त्यात नाही.

इथे मला दुसराच मुद्दा जास्त महत्त्वाचा वाटतो. ऑटिझम असलेल्या माणसाला संवाद जमत नाही, हे गृहीतकच गेल्या दहा-पंधरा वर्षांत डळमळीत झालं आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की अडचण दोन्ही बाजूंनी असते. इतरांना ऑटिस्टिक माणूस जितका कळत नाही, तितकेच इतर लोक त्याला कळत नाहीत. २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं ते कानगोष्टींच्या खेळासारख्या प्रयोगाने. पहिल्याने दुसऱ्याला गोष्ट सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत पोचली तितकीच ती सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीतही पोचली. गळती झाली ती मिश्र साखळीत. म्हणून कुणा सहकाऱ्याच्या अबोलपणावर निदानाचं लेबल चिकटवणं दोन्हीकडून चूक आहे: त्या सहकाऱ्यावर अन्याय होतो, आणि ज्यांना खरोखर ऑटिझम आहे त्यांच्या गरजा थट्टेचा विषय होतात.

इथवर माणसांबद्दल झालं. कामाकडे पाहिलं की समजूत आणखी कोलमडते, कारण सॉफ्टवेअर हा धंदाच मुळात एकमेकांशी बोलण्याचा आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रकल्पाची धुरा वाहिली आणि १९७५ मध्ये त्यावर ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा हिशेब शाळकरी मुलालाही कळेल. तीन माणसं असतील तर बोलण्याच्या जोड्या तीन. दहा असतील तर ४५. पन्नास असतील तर १,२२५. म्हणून उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसं ओतली की उशीर वाढतो. मेल्विन कॉनवे यांनी त्याआधीच, १९६८ मध्ये, लिहून ठेवलं होतं की एखाद्या संस्थेतली माणसं एकमेकांशी ज्या वाटांनी बोलतात, तोच आराखडा त्यांच्या प्रणालीत उमटतो. दोन टीममध्ये अबोला असेल, तर त्यांच्या प्रोग्रॅममध्येही तो दिसतो.

१९७१ सालच्या ‘द सायकॉलॉजी ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या पुस्तकात जेराल्ड वाइनबर्ग यांनी सांगितलेली हकीकत मला या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विद्यार्थी आपल्या कामाचे निकाल घ्यायला एका मोठ्या खोलीत जमत. खोलीत खाण्यापिण्याची यंत्रं होती आणि त्यांच्याभोवती सतत गलका असे. मदत केंद्रावर बसणाऱ्या सल्लागारांना तो नकोसा झाला. तक्रार गेली, यंत्रं हलवली, गलका थांबला. थोड्याच दिवसांत मदत केंद्रापुढे रांगा लागल्या, इतक्या की सल्लागार पुरेनात. चौकशीत कारण कळलं. यंत्रांपाशी उभी असलेली मुलं चकाट्या पिटत नव्हती. एकमेकांच्या चुका शोधून देत होती. बहुतेकांच्या अडचणी तिथेच सुटत आणि उरलेल्या अवघड तेवढ्या सल्लागारांपर्यंत पोचत. प्रोग्रॅमर बोलत नाहीत असं मानणाऱ्या माणसाला त्यांचं बोलणं कानावर येत असूनही ते काम आहे हे ओळखता आलं नाही.

आजच्या कचेरीतलं हे बोलणं बरंचसं लिखित असतं, त्यामुळे बाहेरच्याला ते दिसत नाही. एक साधा नमुना घ्या. एखाद्या डेव्हलपरने चूक दुरुस्त केली आणि बदलाच्या नोंदीत लिहिलं, ‘बग फिक्स केला’. दुसऱ्याने लिहिलं, ‘पिनकोड रिकामा असेल तर पावती छापताना प्रोग्रॅम बंद पडत होता. आता पिनकोडशिवायही पावती छापली जाईल. जुन्या पावत्यांना हात लावलेला नाही.’ सहा महिन्यांनी रात्री अकरा वाजता प्रॉडक्शनवर काही कोसळलं, की दुसऱ्या नोंदीने कुणाची तरी रात्र वाचते. कोड रिव्ह्यूचंही तसंच. ‘असं कोण लिहितं?’ हा शेरा फुकट जातो आणि वर मन दुखावतो. ‘यादी रिकामी आली तर इथे काय होईल? खालच्या फंक्शनमध्ये आपण तपासणी केली आहे, तीच वापरता येईल का?’ हा शेरा चूकही दाखवतो आणि वाटही. हे सगळं संवादाचं कौशल्य आहे. ते दिवसभर चालतं, आणि ते करणारा माणूस कँटीनमध्ये गप्प बसलेला असू शकतो. पॉल ली, एमी को आणि जियामिन झू यांनी मायक्रोसॉफ्टमधल्या ५९ अनुभवी अभियंत्यांना उत्तम अभियंता कसा असतो असं विचारलं, तेव्हा ५३ गुण पुढे आले. इतरांशी काम कसं करतो, विश्वास कसा निर्माण करतो, सहकाऱ्यांना संदर्भ कसा समजावून देतो, हे त्यांत ठळकपणे होतं. २०१५ चा हा अभ्यास भरती करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा.

संवाद तुटला की काय होतं, याचं एक उदाहरण १९९९ चं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबरला मंगळापाशी नष्ट झालं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने यानाच्या लहान इंजिनांचा रेटा पौंडात मोजला होता आणि तो आकडा वापरणाऱ्यांनी न्यूटन गृहीत धरला होता. नुसत्या यानाची किंमत सुमारे साडेबारा कोटी डॉलर होती. पण एककांची चूक ही अर्धीच हकीकत. यानाचा मार्ग थोडा भरकटतो आहे अशी शंका मार्गनिरीक्षकांना वाटेत आली होती. ती ठरलेल्या रीतीने, ठरलेल्या फॉर्मवर नोंदवली गेली नाही म्हणून तिची दखल घेतली गेली नाही. चौकशी समितीने टीममधला अपुरा संवाद हे एक कारण म्हणून नोंदवलं. इथे कुणी घुमा नव्हता. शंका बोलून दाखवली गेली, पण ती ऐकून घेणारी व्यवस्था नव्हती. पुष्कळदा ‘डेव्हलपर बोलत नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी ‘आम्ही ऐकत नाही’ हेच असतं.

या समजुतीने नुकसान काय झालं? दोन नुकसानं मोठी आहेत. पहिलं स्त्रियांचं. अमेरिकेत १९८४ मध्ये संगणकशास्त्राच्या पदव्यांत मुलींचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. पुढच्या पंचवीस वर्षांत तो निम्म्यावर आला. कारणं अनेक आहेत, पण सॅप्ना चेर्यन यांनी २००९ मध्ये एक कारण प्रयोगाने दाखवलं. एका खोलीत स्टार ट्रेकची पोस्टर, व्हिडिओ गेमचे डबे, सोड्याचे कॅन ठेवले. दुसरीत निसर्गचित्रं आणि साध्या वस्तू. पहिल्या खोलीत बसलेल्या मुलींना संगणकशास्त्रात कमी रस वाटला, दुसरीत जास्त. तिथे एकही प्रोग्रॅमर हजर नव्हता. त्याच्या प्रतिमेनेच मुलींना परतवलं. भारतात ही प्रतिमा इतकी घट्ट नव्हती. आपल्याकडे संगणकाचं काम म्हणजे एसी कचेरीतलं, सुरक्षित, बुद्धीचं काम असं घरच्यांना वाटलं आणि मुली मोठ्या संख्येने आल्या; आयटीतल्या मनुष्यबळात त्यांचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक आहे. प्रोग्रॅमरचा जन्मजात स्वभाव वगैरे काही असता, तर देश बदलल्याने हे प्रमाण एवढं बदललं नसतं.

दुसरं नुकसान असं, की उद्धटपणाला परवाना मिळाला. हुशार आहे, तुसडा असणारच, असं म्हणून किती जणांचे अपमान पचवले गेले. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्‌स हे वर्षानुवर्षं इतरांच्या कोडवर जाहीरपणे जहाल भाषेत तुटून पडत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल माफी मागितली, काही काळ बाजूला झाले, आणि लिनक्स कर्नलच्या प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली. हा माणूस मुखदुर्बळ कधीच नव्हता. त्याची वाक्यं लखलखीत असत. शिकायचं होतं ते समोरच्याचा मान राखणं, आणि तेही त्याला प्रौढ वयात सुधारता येईल असं वाटलं. स्वभाव म्हणून सोडून दिलेली बरीच वर्तणूक प्रत्यक्षात खपवून घेतलेली असते.

आता आपल्याकडे. २००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्से यांचा अहवाल आला. भारतातल्या अभियंत्यांपैकी जेमतेम २५ टक्के परदेशी कंपन्यांसाठी काम करायला योग्य आहेत, असं त्यात म्हटलं होतं, आणि उणिवांत भाषा, संघात काम करणं, सादरीकरण या गोष्टी होत्या. तेव्हापासून सॉफ्ट स्किल्सचा बाजार उभा राहिला. नाशिक, सांगली, नांदेड, अमरावती, कुठल्याही जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात कॅम्पसच्या दिवसांत मुलांची भाषा ऐका. ‘अ‍ॅप्टी क्लिअर, टेक्निकल क्लिअर, जीडीत उडालो.’ ‘एचआरला अडकलो.’ गावाकडून मराठी माध्यमात दहावी झालेला, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा आठ-दहा जणांच्या गटात इंग्रजीत तावातावाने वाद घालू शकत नाही, आणि त्याच्या कागदावर ‘कम्युनिकेशन कच्चं’ असा शेरा पडतो. तोच मुलगा हॉस्टेलवर परीक्षेच्या आदल्या रात्री सात-आठ जणांना डेटाबेसचं नॉर्मलायझेशन मराठीत समजावत असतो. त्याला काय येत नाही? बोलणं येतं, समजावणं येतं, ऐकणंही येतं. येत नाही ते ठरावीक ढंगाचं इंग्रजी. ते शिकता येतं आणि शिकवता येतं, पण त्याला व्यक्तिमत्त्वाचा दोष म्हटलं की शिकवण्याची जबाबदारी संपते आणि मुलगा स्वतःलाच कमी समजू लागतो.

इंग्रजी लागतच नाही असं मी म्हणणार नाही. ज्याचा क्लायंट न्यू जर्सीत आहे त्याला इंग्रजी हवंच. माझं म्हणणं इतकंच, की त्याला इंग्रजीच म्हणा.

नोकरी लागल्यावर दुसरा आळ येतो: भारतीय डेव्हलपर ‘नाही’ म्हणत नाहीत. बेंगळुरूच्या समाजशास्त्रज्ञ कॅरल उपाध्या यांनी आयटी कंपन्यांतल्या अशा प्रशिक्षणांचा जवळून अभ्यास केला. ‘रीइंजिनिअरिंग इंडिया’ हे त्यांचं पुस्तक २०१६ चं आहे. ठाम बोला, नजरेला नजर द्या, वरिष्ठांना प्रश्न विचारा, असं तिथे शिकवलं जातं, आणि संकोच हा जणू भारतीय संस्कृतीचा गुणधर्म म्हणून मांडला जातो. अशा प्रशिक्षणांत देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणाऱ्या हॉफस्टेड यांचे आकडे हमखास येतात. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर मानण्यात भारत ७७, अमेरिका ४०. हे आकडे मुळात साठ-सत्तरच्या दशकांत आयबीएमच्याच कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांतून आलेले आहेत, हे सहसा सांगितलं जात नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे. जॅक्सन लू, रिचर्ड निस्बेट आणि मायकल मॉरिस यांच्या २०२० च्या अभ्यासात अमेरिकेतले दक्षिण आशियाई लोक नेतृत्वाच्या जागांवर पूर्व आशियाई लोकांपेक्षा कितीतरी जास्त पोचलेले दिसले, आणि त्याचं एक कारण त्यांचा ठामपणा हे निघालं. म्हणजे पुण्यात ज्यांना ठामपणाचे धडे द्यावे लागतात, त्यांचेच भाऊबंद तिकडे ठामपणाच्या बळावर वर चढतात. संस्कृती एकच असेल तर हा फरक कुठून आला?

तो जागेतून आला. हिंजवडीतला रात्री साडेनऊचा कॉल डोळ्यांपुढे आणा. क्लायंट विचारतो, शुक्रवारपर्यंत होईल का? दोन वर्षांचा अनुभव असलेली मुलगी उत्तर द्यायला बसली आहे. तारीख तिने दिलेलीच नाही. ती सेल्सच्या माणसाने कंत्राट मिळवताना कबूल केली आहे. तिचा लीड त्याच कॉलवर आहे, लीडचा मॅनेजरही आहे, आणि अ‍ॅप्रेझल दोन महिन्यांवर आलं आहे. ती म्हणते, ‘येस, वुई विल ट्राय.’ कॉल संपल्यावर कॅबची वाट पाहताना तीच मुलगी शेजारच्याला सांगते की शुक्रवार अशक्य आहे: तिसऱ्या पक्षाची सेवा अजून टेस्टिंगला उघडलेली नाही, डेटा अर्धाच आला आहे, आणि दोन स्क्रीनची रिक्वायरमेंट कालच बदलली. मुद्देसूद, क्रमाने, कुठलीही अडखळ नाही. तिला सांगता येत होतं. सांगण्याची किंमत तिला एकटीला भरावी लागली असती, म्हणून तिने सांगितलं नाही. एमी एडमंडसन यांनी १९९९ मध्ये मांडलेली आणि पुढे गूगलने आपल्या टीमच्या पाहणीत सर्वांत वरच्या क्रमांकाची ठरवलेली गोष्ट हीच आहे: बोललो तर आपलं नुकसान होणार नाही, ही खात्री. ती खात्री प्रशिक्षणवर्गातून मिळत नाही. ती लीड देतो, मॅनेजर देतो, किंवा कुणीच देत नाही.

गेल्या काही वर्षांत कोडचा बराच भाग यंत्रं लिहू लागली आहेत. काय हवं आहे ते नेमक्या शब्दांत मांडणं, दिलेलं उत्तर तपासणं आणि त्यातली गफलत सहकाऱ्यांना समजावणं, हा कामाचा वाटा वाढत चालला आहे. म्हणून ही जुनी समजूत आता नुसती अन्यायाची राहिलेली नाही. ती धंद्यालाही महागात पडेल. २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट मोकळी केली, त्यांत मराठीही आहे. या वाटेने येणाऱ्या मुलांनाही मुलाखतीच्या त्याच टेबलासमोर बसायचं आहे.

म्हणून त्या टेबलापलीकडे बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. इंग्रजी हवं असेल तर जाहिरातीत तसं लिहा, आणि घेतलेल्या मुलांना ते शिकायला सहा महिने द्या. गटचर्चेत कोण मोठ्याने बोललं हे मोजण्याऐवजी उमेदवाराला त्याच्या प्रोजेक्टमधली एक चूक समजावून सांगायला लावा, त्याला हव्या त्या भाषेत, आणि मध्ये एक-दोन प्रश्न विचारून तो ऐकतो कसा तेही पाहा. मग ‘कम्युनिकेशन कच्चं’ असा शेरा लिहावासा वाटलाच, तर त्याला नेमकं काय सांगता आलं नाही, हे त्याच कागदावर एका वाक्यात लिहा.